‘व्हर्नाक्युलर’ म्हणजे मातृभाषा नव्हे

मा. संपादक,

आपल्या पुरवणीतल्या इंग्रजी शब्दसंग्रहाच्या चौकटीत ‘व्हर्नाक्युलर – मातृभाषा’ असा अर्थ दिला आहे. स्पर्धा परीक्षेची मुले तेवढेच पाठ करतात आणि उताऱ्यात शब्द आला की फसतात. मातृभाषा घरातून येते, व्हर्नाक्युलर गावातून. इचलकरंजीच्या मारवाडी घरातल्या मुलाची मातृभाषा मारवाडी; गल्लीतले व्हर्नाक्युलर मात्र तिथली मराठी.

लॅटिनमध्ये ‘व्हर्ना’ म्हणजे मालकाच्या घरातच जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘घरचे, देशी’ हा अर्थ आला. शब्दाला थोडा तुच्छतेचा वास आहेच. व्हाइसरॉय लिटनच्या काळातला १८७८चा व्हर्नाक्युलर प्रेस अॅक्ट इंग्रजी वृत्तपत्रांना लागू नव्हता, देशी भाषांतल्या वृत्तपत्रांनाच होता. जुन्या पिढीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, आणि तिथे उत्तरे लिहायची ती प्रमाण मराठीतच! म्हणून वाक्यात हा शब्द दिसला की आधी विचारावे, कशाच्या तुलनेत? इंग्रजीसमोर सगळी मराठी व्हर्नाक्युलर. प्रमाण मराठीसमोर मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी. युरोपात लॅटिनसमोर फ्रेंच आणि इटालियनही तशाच.

दुसरी गल्लत ‘कलोक्विअल’ आणि ‘स्लँग’शी होते. ‘येत आहे’ऐवजी ‘येतोय’ हे कलोक्विअल, म्हणजे रोजच्या बोलण्यातले अनौपचारिक रूप. प्राध्यापकही घरी तसेच बोलतात. ‘झोल’ हे स्लँग, म्हणजे टोळक्यातला चालू शब्द. व्हर्नाक्युलर म्हणजे अख्खी बोली, स्वतःच्या व्याकरणासकट. वऱ्हाडात ‘मी जाऊन राहिलो’ म्हणजे ‘मी जात आहे’. कोल्हापूरकडची बाई ‘मी जातो’ म्हणते. ही चूक नाही, तिथला नियम आहे. ‘अशुद्ध भाषा’ हा अर्थ काही मार्गदर्शक पुस्तकांत दिसतो, तो याचसाठी बाद.

वर्गात शिकवायला दहा मिनिटे पुरतात. फळ्यावर ‘मुलगा’ लिहून मुलांकडून आपापल्या भागातले शब्द काढून घ्यावेत : मालवणी झील, नागपुरी पोट्टा, अहिराणी आंडोर. मग दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडून शब्दापुढची (व.), (ना.), (कु.), (गो.) म्हणजे वऱ्हाडी, नागपुरी, कुडाळी, गोमंतकी ही प्रांतदर्शक अक्षरे दाखवावीत. ‘व्हर्नाक्युलर’ची व्याख्या नंतर सांगावी, आधी नको. आधी सांगितली की मुले ती उतरवून घेतात आणि वही मिटतात.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल तर एवढी ओळ पुरे : ‘एखाद्या भागातल्या सामान्य लोकांची रोजची बोली, राज्यकारभाराच्या, ग्रंथांच्या किंवा प्रमाण भाषेहून वेगळी.’

– काही भाषाशिक्षक, कोल्हापूर