फादर म्हणजे यमदूत नव्हेत

महोदय,

रविवारच्या पुरवणीत आजारपण आणि ख्रिस्ती श्रद्धा यावर तुम्ही पानभर मजकूर छापलात, त्याबद्दल आभार. पण तैलाभ्यंगाला, म्हणजे आजाऱ्याला फादर पवित्र तेल लावतात त्या संस्काराला, ठळक चौकटीत ‘ख्रिश्चनांचा अंतिम संस्कार’ म्हणून वर पणतीचा फोटो कोणाच्या सांगण्यावरून टाकलात? जवळच्या कुठल्याही चर्चमध्ये एक फोन केला असता तरी चाललं असतं.

सगळा घोळ या ‘अंतिम’ शब्दाने केला आहे. हा संस्कार फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने, १९६३ मध्येच लिहून दिलं. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधीही नव्याने लावून दिला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं सगळीकडे तेल लावत, आता कपाळ आणि दोन तळहात. तरी घराघरांत अजून तेच ऐकू येतं, ‘एवढ्यात फादर नकोत, बाबा घाबरतील.’ मग व्हेंटिलेटर लागतो आणि रात्री दीड वाजता चर्चचा फोन खणखणतो. फादर धावत येतात, तेल लावतात. पण तोवर बाबांना पापनिवेदन करायला वाचा नसते, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) गिळता येत नाही. वीस वर्षं भावाशी अबोला असेल, तर तो मनात तसाच राहतो. आणि बाबा घाबरतात कशाने? फादरना आपण अगदी शेवटीच आणतो, याने!

मरणाऱ्यासाठी असते ती कम्युनियनची शिदोरी. ‘व्हियाटिकम’ हे तिचं लॅटिन नावही त्याच अर्थाचं आहे. तेल आजाऱ्याचं. मोठ्या ऑपरेशनच्या आधी घ्यावं. म्हातारपणाने माणूस फार खंगला असेल, तर नाव घेण्यासारखा रोग नसला तरी घ्यावं. बरं होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर पुन्हा घेता येतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१४) ‘कोणी आजारी आहे काय’ असं विचारलंय, ‘कोणी मरतोय काय’ असं नाही.

तुमच्या लेखातला ‘खोलीत मेणबत्ती लावा’ हा सल्ला तर धोक्याचा आहे. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, काडीपेटी काही नको. मास्कच्या कडेला तेलही लागू द्यायचं नाही. पलंगाशेजारी छोटं टेबल, पांढरा कपडा, क्रूस, पेलाभर पाणी, चमचा आणि थोडा कापूस एवढं पुरतं. टीव्ही बंद. फादरांकडे अंगठ्याएवढी धातूची डबी असते. तिच्यात तेलात भिजवलेला कापूस असतो, त्यामुळे सांडलवंड होत नाही. सलाईनची सुई हाताच्या पाठीवर असली तरी तळहात मोकळा असतो. अगदीच घाई असेल, तर नुसतं कपाळ चालतं. पापनिवेदनाच्या वेळी घरच्यांनी खोलीबाहेर जायचं, दारामागे नव्हे.

गिळायला त्रास असेल तर फादरना फोनवरच सांगावं. भाकरीचा कणभर तुकडा चमचाभर पाण्याबरोबर देता येतो. तोही जमत नसेल तर द्राक्षारसाचा थेंब. त्याआधी रुग्णाला टेकून बसवावं, नाहीतर ठसका लागतो. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. कम्युनियनआधीच्या तासाभराच्या उपासातून आजारी आणि त्यांची सेवा करणारे, दोघेही मोकळे आहेत. इन्सुलिन घेणाऱ्याला ‘उपास-प्रार्थना’ सुचवणाऱ्या तुमच्या लेखकाला साखर उतरली की काय होतं ते ठाऊक नसावं.

कम्युनियन सिस्टर किंवा नेमलेले सेवकही आणू शकतात, तेल मात्र फक्त धर्मगुरू लावतात. लेखात ‘फादर/पास्टर’ अशी तिरकी रेघ मारून सगळे एकाच टोपलीत घातलेत. पास्टर असतात ते प्रोटेस्टंट मंडळ्यांचे, आणि त्यांतल्या बहुतेक बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (कम्युनियन) असे दोनच संस्कार मानतात, तैलाभ्यंग त्यांत नाही.

आणि ते ‘नेहमी सकारात्मक राहा’! बायबलमधलं ८८वं स्तोत्र वाचून पाहा, काळोखातच संपतं. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस-सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आजाऱ्याला रडू द्या, देवाशी भांडू द्या. ‘विश्वास कमी पडला’ असं त्याला ऐकवू नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. प्रार्थनेच्या सभेतून घरी येऊन त्या एकाएकी बंद केल्या, की चक्कर, बेचैनी, झोप उडणं सुरू होतं आणि मूळ दुखणं परततं ते वेगळंच.

विषय निघालाच आहे म्हणून इस्पितळांनाही एक विनंती. भेटीची वेळ संध्याकाळी, एका रुग्णामागे एकच पास, आणि फादरही ‘नातेवाईकां’तच मोजायचे! नेमकी त्याच वेळी चर्चमध्ये संध्याकाळची मिस्सा (उपासना) असते. धर्मगुरूंसाठी, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, सकाळची पंधरा मिनिटं ठेवायला काय हरकत आहे?

दुरुस्ती छापणार असाल तर तेवढीच चौकट द्या. मागच्या खेपेची शब्दकोड्याखाली सापडली होती. आणि पणती नको.

– एक वाचक, वसई