रोडेफ शालोमवाल्या अंकलना, बाबांच्या डोळ्यांबद्दल थँक्यू

अंकल, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून लगेच आईच्या शुगरवर येता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता टाळून दाखवा. आणि यातले अर्धे आभार तुमच्या त्या अमेरिकन रब्बी (ज्यू धर्मगुरू) सॉलोमन फ्रीहॉफचे आहेत, ते १९९० मध्येच गेले, त्यामुळे त्यांच्या वाटणीचेपण तुम्हीच घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आणि रोडेफ शालोम हे आपलं भायखळ्याचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ. बाबा पहाटे घरीच गेले, नेत्रदानाचा फॉर्म त्यांनी केव्हाच भरून ठेवलेला, आणि कॉर्निया साधारण सहा तासांच्या आत काढावा लागतो. आईने रडत रडतच पंखा बंद केला, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली दोन उशा सरकवल्या, आयबँकेला फोनपण तिनेच लावला. तेवढ्यात मोठे काका आले आणि म्हणाले, कोणी हात लावायचा नाही, आपल्यात माणूस अख्खा मातीत जातो. काकांना नावं ठेवत नाहीये हं, धाकट्या भावाचे डोळे काढणार हे ऐकून कोणाचंही तसंच होईल. पण संध्याकाळच्या आत दफन, नातेवाईकांचे फोन, आणि वर हा वाद, मला तर काही सुचतच नव्हतं.

आणि मग तुम्ही आलात, काखेत फ्रीहॉफच्या लिखाणाच्या झेरॉक्सची ती जाडजूड फाईल, रबरबँड लावलेली. मला वाटलं आता अंकल काकांना झापणार. तुम्ही तसलं काहीच केलं नाहीत. काकांच्या शेजारी खाली बसलात आणि आधी काकांचीच बाजू मांडलीत, तीपण त्यांच्यापेक्षा नीट! की हलाखामध्ये, म्हणजे ज्यू धर्मकायद्यात, खरंच तीन अडचणी आहेत, मृतदेहाची विटंबना करायची नाही, मृतदेहापासून फायदा घ्यायचा नाही, आणि देहाचा प्रत्येक भाग दफन व्हायला पाहिजे. काका मान डोलवायला लागले. मग तुम्ही सांगितलंत की तालमूदमध्ये, म्हणजे त्याच कायद्याच्या जुन्या ग्रंथात, असंही आहे की जीव वाचवायला काहीही चालतं, फक्त मूर्तिपूजा, व्यभिचार आणि खून हे तीन सोडून. काका कसले ऐकतायत, त्यांनी विचारलं, आंधळा माणूस काय मरायला टेकलेला असतो का? (भारी प्रश्न होता, मानलं पाहिजे.) तेव्हा तुम्ही तेल अवीवचे रब्बी उंटरमन काढलेत, जे पुढे इस्रायलचे चीफ रब्बी झाले आणि पक्के ऑर्थोडॉक्स (जुने नियम तंतोतंत पाळणारे), त्यांनी म्हटलंय की दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या माणसाचा जीव धोक्यातच असतो, कुठे पडेल कुठे धडकेल सांगता येत नाही, आणि बसवलेला कॉर्निया जिवंत माणसात परत जिवंत होतो, मग तो मृताचा भाग राहतोच कुठे की दफन करायचा?

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "चेहरा नीट दिसेल ना त्याचा?" बस, झालं. आयबँकेची माणसं आली, त्यांचं काम उरकलं आणि चेहरा अगदी होता तसा होता.

त्या दिवशी डोक्यात काही शिरलं नव्हतं, शिवा, म्हणजे आपलं सात दिवसांचं सुतक, संपल्यावर ती फाईल वाचायला घेतली आणि तुमच्या फ्रीहॉफच्या प्रेमातच पडले. माणूस लंडनचा, १८९२ चा जन्म, लहानपणीच अमेरिकेत बाल्टिमोरला आलेला, १९१५ ला रब्बी झाला, पहिल्या महायुद्धात सैन्यात चॅप्लेन (सैनिकांचा धर्मगुरू), मग प्रोफेसर, शिकागो, आणि १९३४ पासून १९६६ पर्यंत पिट्सबर्गच्या रोडेफ शालोममध्ये. आपल्या भायखळ्याच्या सिनेगॉगचं आणि त्यांच्या सिनेगॉगचं नाव सेम हे तुम्ही मला निदान वीस वेळा तरी सांगितलंयत, आता मीपण सांगत फिरते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या धर्माच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला कमिटी होती, त्यात एक ऑर्थोडॉक्स, एक कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या वाटेचा) आणि अध्यक्ष हे रिफॉर्मवाले (काळाप्रमाणे बदलू म्हणणारे), आणि तरी काम चाललं! पुढे १९५५ पासून दोन दशकं अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींच्या रिस्पॉन्सा (धर्माच्या प्रश्नांना लेखी उत्तरं) कमिटीचे अध्यक्ष, म्हणजे कुठल्याही गावातून रब्बीचं पत्र यायचं, अमुक चालेल का तमुक चालेल का, आणि हे आधी शेकडो वर्षांपूर्वीच्या रब्बींनी काय काय म्हटलंय ते सगळं काढायचे आणि मग स्वतःचं मत द्यायचे. कॉर्नियाचा प्रश्नपण तसाच आलेला, हार्ट ट्रान्सप्लांट सुरू झाल्यावर तोही आला, दोन्हीला हो म्हटलं.

रिफॉर्म म्हणजे सगळं सोडून दिलेले लोक असं मला आधी वाटायचं, म्हणजे घरात तसंच ऐकलेलं. हा माणूस तर पोथ्यांतच बुडालेला. फक्त त्याचं म्हणणं एवढंच की जुना कायदा आपल्याला वाट दाखवेल, हुकूम नाही सोडणार. आणि वाट दाखवेल म्हणजे दरवेळी आपल्या मनासारखीच असंही नाही, मिश्र विवाह रब्बीने लावायला त्यांचा विरोधच होता. रिफॉर्मचा एक नियमांचा कोड बनवूया म्हणणाऱ्यांनापण ते नाही म्हणायचे, कारण प्रथा आधी साधी माणसं घडवतात आणि रब्बी लोक मागून त्याला आकार देतात असं त्यांचं ठाम मत. हे मला पूर्ण पटत नाही अंकल, लोक चुकीच्या प्रथापण घडवतात, त्याचं काय, यावर त्यांचं उत्तर मला कुठे सापडलं नाही.

पण कोकणापुरतं तरी म्हातारा बरोबर आहे बघा. आपली माणसं शेकडो वर्षं रायगडच्या गावांत ना रब्बी ना तालमूद अशी राहिली, शनिवारी, म्हणजे आपल्या शब्बाथच्या सुट्टीला, तेलाचा घाणा बंद म्हणून शनवार तेली नाव पडलं, शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ, आणि एलियाहू हन्नाबीचा (प्रेषित एलियाचा) मलिदा, म्हणजे त्याच्या नावाने करतो तो गोड पोह्यांचा प्रसाद, कुठल्या पोथीतून आलाय? आणि १९६२ मध्ये इस्रायलच्या चीफ रॅबिनेटने (तिथल्या मुख्य रब्बींच्या संस्थेने) बेने इस्रायलांची लग्नं लावताना आईकडच्या पिढ्या तपासा म्हणून फर्मान काढलं, १९६४ पर्यंत आपल्या लोकांना जेरुसलेममध्ये आंदोलन करावं लागलं, तेही पोथीच्याच नावाने! पोथी तीच, उघडणारा कोण यावर सगळं. नेमक्या त्याच वर्षांत, १९५९ ते ६४, जागतिक प्रोग्रेसिव्ह युनियनचे (रिफॉर्मवाल्यांच्या जागतिक संघटनेचे) अध्यक्ष फ्रीहॉफ होते, ज्या युनियनशी डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत सुरू केलेली आपली ज्युईश रिलिजस युनियन जोडलेली आहे.

तर अंकल, थँक्यू. काकांना हरवलं नाहीत त्याबद्दल जास्त. ते आता पोस्टमार्टमचं काय, किडनीचं काय असं मलाच विचारतात, मी फाईल उघडून बसते आणि अर्ध्या हिब्रू शब्दांवर अडकते. फाईल इतक्यात परत मिळणार नाही. आणि आईला आता देहदान करायचंय, अख्खं, मेडिकल कॉलेजला, त्याचं तुमच्याशी बोलायला ती रविवारी येतेय, तयारीत रहा, ती काकांसारखी ऐकून घेणारी नाही.