काकू, एलिझाबेथ कोणाची मुलगी ते तुमच्यामुळे कळलं

काकू, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बायकोच्या माहेरी घडीवर फाटत आलेला, टाईप केलेला वंशावळीचा एक कागद होता. सगळ्यात वर जॉन हाऊलंड, १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेतल्या प्लिमथला आलेला, तोच तो जो वादळात समुद्रात पडला आणि बाहेर लोंबणारा दोर हाताला लागला म्हणून वाचला. त्याच्या बायकोपुढे लिहिलेलं, एलिझाबेथ, गव्हर्नर कार्व्हरची मुलगी. कार्व्हर म्हणजे तिथल्या इंग्रज वसाहतीचा पहिला गव्हर्नर, सासऱ्यांना त्याचं भारी कौतुक. मला वाटलं कॉम्प्युटरवर नाव टाकलं की अर्ध्या तासात काम होईल.

तुम्ही कागद बाजूला ठेवलात आणि म्हणालात, वरून खाली नाही यायचं, खालून वर जायचं, आधी सासऱ्यांचा जन्मदाखला आण. वैतागलोच होतो खरं तर. मॅसॅच्युसेट्स (प्लिमथ आता त्यातच येतं) राज्याच्या नोंदी १८४१ पासूनच्या, त्याआधी गावागावाच्या वह्या, त्याही नाहीत तिथे मृत्युपत्रं नि जमिनीचे कागद, आणि प्रत्येक पिढीत बाईचं माहेरचं नाव सापडेपर्यंत तुम्ही पुढे सरकूच दिलं नाहीत. एका गावात एकाच नावाचे दोघे निघाले तेव्हा मी सोडूनच देणार होतो, तुम्ही त्या माणसाच्या सासऱ्याच्या मृत्युपत्रातला "जावई" शब्द शोधून नेमका आपला कुठला ते काढलंत!

हाऊलंडच्या मृत्यूची तारीख २३ फेब्रुवारी १६७२/७३ बघून मी टायपिंगची चूक म्हणालो, तर तुम्ही हसलात, की तेव्हा त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, १७५२ पर्यंत, म्हणून तो फेब्रुवारी त्यांच्या हिशोबात १६७२ चा, आपल्या हिशोबात १६७३ चा.

आणि मग एलिझाबेथ. कार्व्हरनंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड, त्याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हस्तलिखित कित्येक वर्षं गायब होतं, ते १८५५ मध्ये लंडनच्या फुलम पॅलेसमध्ये सापडलं, तोवर सगळे तिला कार्व्हरचीच समजत होते. तुम्ही त्याच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने बारीक रेघ मारलीत: हाऊलंडची बायको जॉन टिलीची मुलगी, दोघांना दहा मुलं, ब्रॅडफर्डने लिहिलं तेव्हा सगळी हयात. एलिझाबेथचा बाप्तिस्मा १६०७, इंग्लंडमधल्या हेन्लो गावात. पहिल्याच हिवाळ्यात आईवडील दोघंही गेले, तेव्हा पोर तेराची.

सासऱ्यांना सांगताना जरा धाकधूक होती, गव्हर्नर हातचा गेला ना. ते बराच वेळ गप्प बसले, मग पेन मागून त्यांनी स्वतःच कार्व्हर खोडलं आणि वर टिली लिहिलं.

निघताना तुम्ही सहज विचारलंत, तुझ्या पणजीचं माहेरचं आडनाव काय रे? आमच्या वंशावळीत ओळीने सगळे पुरुषच आहेत काकू. आईला फोन केला, तिलाही येईना, ती आता आत्याला विचारून सांगणार आहे.