निळ्या सेलना भाव कोण देणार?

संपादक महोदय,

सांगलीत गेली 11 वर्षं मी बॅटऱ्यांचे पॅक दुरुस्त करतो. आधी लॅपटॉपचे यायचे, आता ई-स्कूटरचे आणि सौर पथदिव्यांचे जास्त येतात. बाद सेल साठले की भंगारवाला वजन करून न्यायचा. हल्ली तो पोत्यात हात घालून निळ्या आवरणाचे जाड, '32700' या मापाचे सेल तेवढे बाजूला काढतो. "हे नकोत, यात काही निघत नाही."

त्याला तरी काय बोलणार? लॅपटॉपच्या जुन्या सेलमध्ये ॲल्युमिनियमच्या वर्खावर थापलेली काळी पावडर, म्हणजे कॅथोड, बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची असते. तिच्या एका किलोत जवळपास 600 ग्रॅम कोबाल्ट. निळ्या सेलमध्ये लिथियम लोह फॉस्फेट असतं. कोबाल्ट नाही, निकेल नाही, आणि लोखंडासाठी एवढा खटाटोप कोण करणार? पण या पावडरीतही किलोमागे 44 ग्रॅम लिथियम असतंच. लिथियमसाठी खणतात त्या स्पोड्युमिन खनिजाच्या खडकात सहसा 10 ग्रॅमही नसतं, आणि लिथियम तर आपण बाहेरून विकत आणतो.

मागच्या महिन्यात दुकानामागच्या बोळात एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा हेच सेल करवतीने कापत होता. पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास आला म्हणून बाहेर गेलो. तो वास सेलमधल्या द्रावणाचा. त्यातलं मीठ ओलाव्याला लागलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, आणि पोराच्या हातात मोजेसुद्धा नव्हते. तांब्याचा वर्ख त्याने गुंडाळून खिशात घातला, काळ्या पट्ट्या गटारात टाकल्या. मी त्याला थांबवलं, हात धुवायला लावले. उद्या तो दुसऱ्या बोळात बसेल.

2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी 1,500 कोटींची योजना मंजूर केली. चांगलंच झालं. पण कारखान्यापर्यंत माल पोचवणारा आमच्या गल्लीतला भंगारवालाच आहे, आणि त्याला निळ्या सेलमागे काहीच सुटत नाही. उत्पादकांनी या सेलनाही किलोमागे ठरलेला परतावा द्यावा, तो दुकानात फलकावर लिहावा. पॅकवर कॅथोडचा प्रकार ठळक छापावा. आज मी मीटर लावून ओळखतो, 3.2 व्होल्टचा म्हणजे लोह फॉस्फेटचा, की 3.6 चा म्हणजे निकेल-कोबाल्टचा; पार मेलेल्या सेलचं तेही कळत नाही. दोन्ही एकाच पोत्यात गेले, की निकेल-कोबाल्ट शुद्ध करताना लोह आणि फॉस्फेट आधी काढत बसावं लागतं.

माझ्याकडे वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत 31 किलो निळे सेल टोकांना चिकटपट्टी लावून ठेवलेत. अधिकृत केंद्र घ्यायला तयार असेल, तर पुण्यापर्यंत स्वखर्चाने आणून देईन.

– एक बॅटरी कारागीर, सांगली