डावीकडचे अपेंडिक्स

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला सात महिने उत्तर दिले नाही, याची मनापासून लाज वाटते. घरी सर्व ठीक आहे. आईचा गुडघा तसाच आहे. गुरुवारी जे घडले, ते मात्र तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

कागलकडच्या गुऱ्हाळावर काम करणारा एक तरुण दोन दिवसांचा ताप आणि डाव्या बाजूची पोटदुखी घेऊन सीटीसाठी आला. दुखणे डावीकडे असल्याने चिठ्ठीवर डायव्हर्टिक्युलायटिसची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीवरच्या पिशव्यांना आलेल्या सुजेची, शंका लिहिलेली होती. रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर 70 सेकंदांनी घेतलेल्या चित्रांत डावीकडे, खालच्या बाजूला, एरवी उणे 100 हौन्सफील्डच्या (सीटीवरचे घनतेचे माप) आसपास काळी दिसणारी चरबी धुरकट झालेली होती. मोठ्या आतड्याला सूज आहे, असे मी सर्जनना फोनवर सांगूनही टाकले.

रिपोर्ट लिहायला बसलो, तेव्हा सहज स्वादुपिंडाच्या पातळीवर गेलो आणि हात थांबला. आतड्यांतले रक्त परत नेणारी सुपिरिअर मेझेंटेरिक शीर तिच्या जोडीच्या धमनीच्या उजवीकडे, म्हणजे आपण रुग्णाला पायांकडून पाहतो म्हणून पडद्यावर डावीकडे, दिसायला हवी. ती नेमकी उलट बाजूला होती. ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, धमनीच्या मागून पलीकडे गेलेच नव्हते. लहान आतडे सगळे उजवीकडे, सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, डावीकडे, आणि त्यातून निघालेली 11 मिलिमीटर जाडीची फुगलेली नळी, तिच्या तोंडाशी पांढराशुभ्र खडा. गर्भात आतडी फिरायची राहिली होती, म्हणून अपेंडिक्स डावीकडे दुखत होते. मी पुन्हा फोन केला. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मुलगा आता बरा आहे.

पण त्या दोन फोनांमध्ये वीस मिनिटे गेली, ती मनातून जात नाहीत. दुखते तिथेच मी आधी पाहिले. रोज रात्री जुने सीटी उघडून त्या दोनच रक्तवाहिन्या पाहतो आहे. आजवर 46 झाले, सगळ्या जागच्या जागी आहेत, तरी थांबवत नाही.

तुला आपल्या शवविच्छेदनाच्या वर्गातले तिसरे टेबल आठवते ना? त्या देहाची शीर उलट बाजूला आहे, असे तू सांगत होतास, आणि तुला डावे-उजवे कळत नाही म्हणून मी सगळ्यांसमोर हसलो. सरांनीही माझीच बाजू घेतली. नंतर रंकाळ्यावर तू आठवडाभर माझ्याशेजारी बसला नाहीस. 'आतडी जागा बदलतात, आधी वाहिन्या ओळख,' हे तुझेच म्हणणे होते.

ताईची दहावी कशी चालली आहे? बदलीचे काय झाले, तेही कळव. वहिनींना नमस्कार.

आणि त्या देहाचे सीकम कोणत्या बाजूला होते, हे तुला आठवत असेल तर नक्की लिही. मी ते पाहिलेच नव्हते. न पाहताच तुला खोटे ठरवले. त्याबद्दल तुझी क्षमा मागतो.

तुझाच,
आबा