ब्लँकेटं राहू द्या, दर महिन्याला या

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. शाळेतल्या मुलींच्या सेवा मंडळाची यंदा तू प्रमुख झालीस, याचा मला फार आनंद झाला. घरोघरून मूठ-मूठ धान्य जमवून निराधार म्हाताऱ्यांना पोचवणं, रक्तदान शिबिरासाठी गल्लीतल्या मोठ्यांना तयार करणं (तुम्हाला स्वतःला अठरा पूर्ण होईपर्यंत रक्त देता येत नाही, तरी शिबिर भरलं ते तुमच्यामुळंच), हे सगळं मावशी मला फोनवर सांगते. आता आमच्या शाळेतल्या ऊसतोड कामगारांच्या लेकरांना ब्लँकेटं आणि खाऊ वाटायला एका रविवारी येणार म्हणतेस. जरूर या. पण आधी इथलं नीट ऐक, मग मंडळात बसून ठरवा.

दसरा झाला की आपल्याकडची गावं कशी रिकामी होतात, ते तू लहानपणापासून पाहिलंयस. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता होतात आणि ट्रॅक्टरवर संसार टाकून सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात जातात. परततात ते गाळप आटोपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. मागं राहिलेली लेकरं आमच्या हंगामी वसतिगृहात जेवतात आणि रात्री आजी-आजोबांपाशी झोपतात. दिवाळीच्या सुमाराला मदत घेऊन येणारे पुष्कळ असतात. काही लेकरांकडं दोन-दोन ब्लँकेटं झालीत. संक्रांत उलटली की मात्र कुणी फिरकत नाही, आणि लेकरांची शाळा सुटायला लागते ती नेमकी तेव्हाच.

गेल्या हंगामात सातवीतली एक मुलगी आठवडाभर वर्गात दिसली नाही. नाव विचारू नकोस. घरी गेले तर ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली. पहिल्यांदाच पाळी आली होती. आजीनं आजोबांच्या जुन्या धोतराच्या घड्या करून दिल्या होत्या आणि ‘आता शाळा पुरे’ असंही सांगून टाकलं होतं. संध्याकाळी मी माझ्या फोनवरून तिच्या आईला लावून दिलं. पलीकडं फोन मुकादमाचा, भोवती माणसं, मागं ट्रॅक्टरची घरघर. आईनं विचारलं, ‘जेवलीस का गं?’ ही म्हणाली, ‘हो.’ ‘अभ्यास करतीस ना?’ ‘हो.’ एवढ्यावर फोन ठेवला. सांगायचं होतं ते राहूनच गेलं. माझ्याशी बोलली, पण मान खाली घालून. मी किती झालं तरी शाळेतली बाई. तुमच्यातली एखादी ताई तिच्याशेजारी बसली असती, तर तिनं भडाभडा सगळं विचारलं असतं.

ती मुलगी पुन्हा वर्गात आली, त्यासाठी आजीची पुष्कळ मनधरणी करावी लागली. सगळ्याच येत नाहीत. काहींना आई-बाप दुसऱ्या वर्षी सोबत उसाच्या फडात नेतात, काहींची अठराच्या आतच लग्नं लावून देतात.

सायली, तू नववीत आहेस, म्हणून हेही मोकळेपणानं लिहिते. फडात खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही पहाटेपासून मोळ्या वाहाव्या लागतात, पाण्याची आणि आडोशाची सोय नाही. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपल्या शरीराबद्दल ह्या बायकांशी वेळेवर कोण धड बोललं असेल? त्यांच्याच लेकी आज माझ्या वर्गात बसतात.

म्हणून माझं मागणं असं, की ब्लँकेटं राहू द्या आणि हंगाम संपेपर्यंत महिन्यातला एक शनिवार द्या. सहा-सात जणी पुरेत, पण दर वेळी त्याच या. एकेकीनं इथल्या दोघी-तिघींना धरायचं. त्यांच्याकडून धडा मोठ्यानं वाचून घ्या. फणी आणि खोबरेल तेल आणा, डोक्यात लिखा झाल्यात पोरींच्या. वेणी घालता घालता त्या जेवढं बोलतात तेवढं समोर बसवून विचारलं तर बोलत नाहीत. पॅड कसं वापरायचं, कपडाच असेल तर तो धुऊन कडक उन्हात का वाळवायचा, ते सांगा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरी मळमळतं म्हणून गुपचूप टाकून देतात. ती उपाशीपोटी घ्यायची नाही, जेवणानंतर घ्यायची, हे त्यांना तुमच्या तोंडून पटेल. रक्तातलं हिमोग्लोबिन फार कमी झालं की चक्कर का येते, तेही विज्ञानाच्या बाईंना विचारून या.

किल्लारीच्या भूकंपाचं तुला मी सांगितलं होतं, ३० सप्टेंबर १९९३. तेव्हा धान्य-कपड्यांची मदत सगळीकडून आली. पण भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलं पुण्याला नेऊन शिकवली, ती मदत मला सगळ्यांत मोठी वाटते. त्यात वर्षानुवर्षं सांभाळायची तयारी होती. तुम्ही एवढं मोठं काही करावं असं नाही, एक हंगाम सांभाळा.

बॅनर आणू नका. वाटप करतानाचे फोटो तर नकोच नको. लेकरांचे आई-बाप इथं नाहीत, मग परवानगी कुणाची घेणार? आणि लेकरू समोरच्या ताईला नाही म्हणू शकत नाही. जमवलेल्या पैशांतून पॅडची पाकिटं घ्या, उरलेले प्रवासाला ठेवा. एसटीत बायका-मुलींना अर्धंच तिकीट लागतं, ते परवडेल. पैन् पैचा हिशोब वहीत लिहून शाळेच्या फळ्यावर लावत जा, वर्गणी देणाऱ्यांना पुढच्या वेळी विचारावं लागत नाही.

मंडळाचं ठरलं की आमच्या मुख्याध्यापकांच्या नावानं तुमच्या शाळेचं पत्र पाठव, सोबत एक बाई हव्यातच. पहिली खेप डिसेंबरात जमवा. दुपारच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं. मावशीला नमस्कार सांग.

तुझी,
आई