आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: डिस्चार्ज मिळाला, पुढे काय?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होते. गणपती बोळवून गाव नुकतंच निजलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी घरं झोपेतच अंगावर आली. सुमारे आठ हजार माणसं गेली. आमच्या घरातली कोण कोण, ते इथे लिहीत नाही. पुढे पत्रे आले, धान्य आलं, जागतिक बँकेच्या मदतीने नवी गावं वसली. सरकारने तेव्हा पुष्कळ केलं, हे मी नाकारत नाही.

माझं दुखणं मात्र उशिरा वर आलं, दुसऱ्या बाळंतपणानंतर. रात्री रस्त्यावरून उसाचा ट्रक धडधडत गेला की मी लेकरं उचलून अंगणात पळायचे. मग झोप गेली, मग बोलणं गेलं. बाहेरचं आहे म्हणून अंगारे झाले, लिंबं उतरवून झाली. शेवटी एका मनोरुग्णालयात भरती केलं आणि केसपेपरवर 'पीटीएसडी, तीव्र नैराश्य' असं लिहून आलं. पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघाताची भीती मनात घर करून राहते तो आजार.

औषधांबद्दल माझी तक्रार नाही. गोळ्यांनी झोप लागली, डोकं थाऱ्यावर आलं. तक्रार आहे ती घरी आल्यानंतरची. डिस्चार्ज कार्डावर 'सुधारणा आहे' एवढं लिहून मला पाठवलं आणि मी कित्येक वर्षं एका कोपऱ्यात बसून काढली. कुणी वाईट वागलं नाही, उलट सगळे फार जपून वागायचे. हातात विळी द्यायची नाही, लेकरांजवळ एकटीला सोडायचं नाही, दुकानात पैसे देऊन पाठवायचं नाही. चूल, लेकरं आणि पैसा हे तिन्ही काढून घेतल्यावर आमच्यासारख्या बाईकडे उरतं काय, सांगा.

मला त्या कोपऱ्यातून उठवलं ते बचत गटाने, आणि तेही योगायोगाने. गटाच्या अध्यक्ष म्हणजे माझ्या चुलत जाऊबाई. त्यांना हिशेब लिहायला कुणी मिळेना. "लिही गं, तुझं अक्षर बरंय," म्हणून त्यांनी वही पुढ्यात टाकली. औषधाने हात थरथरायचा, आकडे रकान्याबाहेर जायचे. एका मंगळवारी एक बाई माझ्यावर खेकसली, "मी हप्ता भरलाय, तूच मांडला नाहीस!" बाकीच्या एकदम चूप. हिला आता काही झालं तर? मी वही उघडली आणि त्या महिन्याच्या रकान्यात तिची सही नाही, ते दाखवलं. ती तरी कुठे ऐकते! चांगलं पाव तास आमचं वाजलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याशी भांडलं होतं, शहाण्या माणसाशी भांडतात तसं. घरी येऊन मी पोटभर जेवले.

साहेब, बरं होणं म्हणतात ते मला तिथे सापडलं. पण जाऊबाईंना दुसरी कारकून मिळाली असती तर? माझं नशीब ही काही शासनाची योजना नव्हे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 19 म्हणतं की आम्हाला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि घरी राहणं शक्य नसेल तर हाफ वे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवारा), गट-निवास यांची सोय शासनाने करायची आहे. आपली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. आमच्यापासून सगळीच लांब. पण मी मोठं रुग्णालय मागतच नाही. तालुक्याच्या गावी दिवसभर बसता येईल अशी एक जागा द्या, तिथे हाताला काम द्या आणि कामाचे पैसे द्या. बचत गट ग्रामविकास खात्याकडे आहेत, असं तुम्ही म्हणाल. दोन खात्यांच्या सचिवांना एका टेबलाशी बसवणं मंत्र्याला अवघड नसावं.

दुसरं, गोळ्यांसाठी लांबच्या रुग्णालयात जावं लागतं, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू द्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं हे खरं, पण बुडालेला रोज कोण देतं? शिवाय रुग्णालयात गेल्यावर "एक गोळी संपलीय, पुढच्या महिन्यात या" असंही ऐकून यावं लागतं. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर चांगला आहे, हेही सांगते. 2024 मध्ये हिंगोलीकडे धरणी हलल्याची बातमी आली, त्या रात्री मी तिथेच फोन केला होता. पलीकडची मुलगी घाई न करता ऐकत राहिली.

आणि ते दिव्यांग प्रमाणपत्र. मानसिक आजार 1995 च्या कायद्यापासून त्यात आहे, 2016 च्या कायद्यानेही ठेवला, ठीक. पण सवलतीसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व भरावं लागतं. माणूस कामाला लागला, सुधारला, की नूतनीकरणाच्या वेळी टक्के घसरणार. म्हणून ओळखीचे काही जण तपासणीला जाताना दाढी करत नाहीत, मळके कपडे घालतात. नोकरी मागायला जाताना मात्र त्यांनाच आपण ठणठणीत आहोत हे पटवून द्यावं लागतं. सुधारलेल्या माणसाची सवलत एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. एवढा बदल तरी केंद्राकडे मागा.

हे ठरवायला बैठक घ्याल तेव्हा डॉक्टरांबरोबर आमच्यातल्याही दोघा-तिघांना बोलवा. मी येईन. फक्त मंगळवार नको, त्या दिवशी गटाची वही माझ्याकडे असते.

आपली,
एक भूकंपग्रस्त
ता. औसा, जि. लातूर